गुरुवारची पेअर

"गुरुवारी मला एक पेअर द्याल का?" मिस्टर हॅलोवेल म्हणाले.

ते हॉस्पिटलच्या खाटेवर उताणे पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजारच्या टेबलावर मी आणलेली फळांची पिशवी होती. संत्री, केळी आणि तीन पेअर.

"एक काय, दोन देतो," मी म्हणालो.

ते इतके हसले की खुबा दुखला आणि नर्स आली. ती गेल्यावर म्हणाले, "एकच पुरे. मी हावरट नाही." मग पांघरुणातून हात काढून त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. फळासाठी हस्तांदोलन करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण इंग्लंडमध्ये मला सहा वर्षं झाली होती आणि 'असं का?' हे विचारणं मी चौथ्या वर्षीच सोडलं होतं. शिवाय सोमवारी आणलेल्या पेअर गुरुवारपर्यंत मऊ पडतात, हे मलाही पटण्यासारखं होतं.

"काळजी करू नका," मी म्हणालो. "गुरुवारी नक्की."

"शब्द?"

"शब्द."

पुन्हा हात मिळवला. मी खूश होऊन बाहेर पडलो. आमच्या साताऱ्याकडे माणूस खाटेला खिळला की फळं घेऊन भेटायला जातात आणि 'काही लागलं तर सांगा' म्हणतात. सहसा कुणी काही सांगत नाही. हॅलोवेल पहिले.

हॅलोवेल आमच्या समोरच्या पक्षाचे कौन्सिलर होते. मीही कौन्सिलर होतो, अकरा दिवसांचा. कसा झालो ते सांगायला हवं, कारण मलाही ते नीट कळलेलं नव्हतं.

मी एल्डरविक नावाच्या छोट्या गावात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचो. गावाला खेटून टेल नावाची नदी, आणि पलीकडच्या काठावर मार्श एंड ही एकसष्ट माणसांची वस्ती. मध्ये आठ जणांची होडी. ती कौन्सिल चालवायची. होडी नसेल तर रस्त्याने चौदा मैलांचा वळसा, आणि त्या रस्त्याला बस नाही. ही होडी वाचवायला डोरीन पेल्हम नावाच्या बाईंनी बावीस वर्षांपूर्वी एक पक्ष काढला होता. पक्षाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, मी त्याला होडी पक्ष म्हणायचो. मतपत्रिकेवरचं त्यांचं होडीचं चिन्ह इतकं बारीक छापलं जायचं की ते सपातेसारखं, म्हणजे घरातल्या चपलेसारखं, दिसायचं. सपातेपुढच्या फुल्यांवर डोरीनबाई बावीस वर्षं एकट्या निवडून येत होत्या.

त्या वर्षी त्यांच्या वॉर्डात दोन जागा झाल्या. डोरीनबाई चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून दुकानात आल्या.

"तू कॉमनवेल्थ देशातला. इथे कायम राहायचा कागद आहे?" त्यांनी विचारलं.

"या वर्षीच मिळाला."

"मग निवडणुकीला उभा राहा. फक्त नाव हवंय. त्याला कागदी उमेदवार म्हणतात. तू निवडून येणार नाहीस, हे मी तुला वचन देते."

मी सात मतांनी निवडून आलो. लोकांनी दोन्ही सपातांपुढे फुल्या मारल्या होत्या, जोडीने घालतात म्हणून असेल. डोरीनबाईंनी आयुष्यात मोडलेलं हे एकमेव वचन, असं गावातले जुने लोक म्हणत. त्यांनी स्वतः माझी माफी मागितली.

बत्तीस जणांच्या कौन्सिलमध्ये कुणालाच बहुमत नव्हतं. दोन मोठे पक्ष होते. त्यांची नावं घेत नाही. मी त्यांना थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणायचो. थोरल्यांचे सोळा, धाकट्यांचे चौदा, आमचे दोन. थोरले इतकी वर्षं सत्तेत होते आणि या खेपेला होडी बंद करणार हे त्यांनी छापून सांगितलं होतं. धाकटे म्हणाले, आमच्याबरोबर या, होडी ठेवतो. चौदा आणि दोन सोळा. पण सोळा-सोळा झालं की महापौरांचं जादा मत, आणि महापौर थोरल्यांच्या. म्हणजे गेलंच होतं सगळं.

तेवढ्यात निकालाच्या संध्याकाळी थोरल्यांचे हॅलोवेल स्वतःच्या विजयाच्या पार्टीत खुर्चीवर चढले आणि खुर्ची निघाली चाकांची. सोळाचे पंधरा झाले. नेता निवडायची सभा गुरुवारी चार वाजता. एका माणसाच्या खुब्यावर आमचं सरकार येणार होतं.

मला त्यांची दया आली. मी त्यांचे डोळे तपासले होते, माणूस ओळखीचा. म्हणून गेलो फळं घेऊन.

गुरुवारी पाऊण वाजता मी पक्षाच्या कार्यालयात पोचलो. पक्षाला दिलेली ही खोली आधी कोट टांगायची होती. भिंतीवर बावीस खुंट्या होत्या, म्हणजे दर सदस्यामागे अकरा. डोरीनबाई थर्मासमधून चहा ओतत होत्या. धाकट्यांचा नेता ग्रॅहम टिल एका खुंटीखाली उभा राहून कराराची पानं चाळत होता. करारात अकरा कलमं होती. दहा त्यांची, एक आमचं. डोरीनबाई कौन्सिलच्या उपनेत्या होणार होत्या, वाहतूक त्यांच्याकडे, आणि वाहतुकीत होडी.

माझ्या हातातली कागदी पिशवी बघून ग्रॅहमने विचारलं, "जेवण?"

"नाही, पेअर आहेत. हॅलोवेलना देऊन येतो. चारच्या आत परत."

"तू हॅलोवेलना फळं देतोस?"

"त्यांनीच मागितलीय. गुरुवारी एक पेअर द्याल का म्हणाले. मी दोन देतो म्हणालो, तर म्हणे एकच पुरे."

डोरीनबाईंनी थर्मास खाली ठेवला. चहा अर्धाच ओतला होता.

"नेमके शब्द काय होते?" त्यांनी विचारलं.

"हेच."

"हात मिळवला?"

"दोनदा."

ग्रॅहम खाली बसला. तिथे खुर्ची नव्हती, छत्र्या ठेवायचं भांडं होतं. तो त्यावर बसला.

मग डोरीनबाईंनी मला समजावून सांगितलं. आवाज अजिबात चढवला नाही. एका बाजूचा सदस्य आजारी असेल तर दुसऱ्या बाजूचा एक जण आपण होऊन मतदानाबाहेर राहतो. दोघांची मतं एकमेकांना कापतात. आजारी माणसाला स्ट्रेचरवरून यावं लागत नाही. या पद्धतीला पेअर म्हणतात, म्हणजे जोडी. मोठ्या पार्लमेंटपासून गावच्या कौन्सिलपर्यंत सगळीकडे चालते. लिहून घेत नाहीत. हात मिळवतात.

"पण ते स्पेलिंग वेगळं आहे," मी म्हणालो.

"कानाला स्पेलिंग दिसत नाही," ग्रॅहम छत्र्यांच्या भांड्यावरून म्हणाला.

मी डोळ्यांचा माणूस. कानांची हमी मी कधीच दिली नव्हती.

ग्रॅहम उठला. त्याला सुचलं होतं. "हे लागूच होत नाही. त्याच्या डोक्यात मत होतं, याच्या डोक्यात फळ. दोघांच्या मनात वेगवेगळी वस्तू असेल तर करारच होत नाही. मी वकील आहे, मला माहितीये."

"तू घरं विकायची कागदपत्रं करतोस, ग्रॅहम," डोरीनबाई म्हणाल्या.

"त्यातही हेच चालतं. घर दाखवलं एक आणि दिलं दुसरं तर—"

"हॉस्पिटलला फोन लाव," त्या मला म्हणाल्या. "त्याला खरं काय ते सांग. तो सोडतो म्हणाला तर सुटलो."

मी फोन लावला. वॉर्डातल्या सिस्टरने उचलला. हॅलोवेल बारा वाजता ऑपरेशनला आत गेले होते. पाचच्या आधी शुद्धीवर येणार नव्हते.

"तुम्ही पेअरवाले का?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. दोन्ही अर्थांनी ते खरं होतं.

"बरं झालं बाई तुम्ही भेटलात. ते ऑपरेशनच्या कागदावर सहीच करत नव्हते. गुरुवारी सभेला जाणार, ट्रॉलीवर झोपून जाणार, म्हणून हटून बसलेले. आम्ही गाडीसुद्धा सांगून ठेवली होती. सोमवारी तुम्ही येऊन गेलात आणि म्हणाले, माझी पेअर झाली, आता कापा हवं तिथे. मघाशी गाणं म्हणत गेले आत."

मी फोन ठेवला. दोघं माझ्याकडे बघत होती.

'पाचच्या आधी शुद्धीवर येत नाहीत' एवढं सांगून मी थांबू शकलो असतो. ते खोटंही झालं नसतं. मी तेवढं सांगितलं आणि थांबलोही. मग डोरीनबाईंनी अर्धा भरलेला कप माझ्यापुढे सरकवला आणि मी उरलेलंही सांगितलं. ट्रॉली, गाडी, सही, गाणं.

डोरीनबाईंनी थर्मासचं झाकण लावलं.

"म्हणजे तो येणार होता," डोरीनबाई म्हणाल्या.

"पण आला नाही," ग्रॅहम म्हणाला. "तो भुलीखाली आहे आणि आपण सोळा आहोत. डोरीन, माझ्याकडे बघा. बावीस वर्षं. तुम्ही किती अर्ज केले, किती सह्या गोळा केल्या. आज पहिल्यांदा आकडा आपल्या बाजूने आहे."

"तो आला असता तर सोळा-सोळा झालं असतं. आपल्या बाजूने आकडा कधीच नव्हता. या पोराने हो म्हटलं म्हणून तो दिसतोय."

"होडी गेली तर तुम्ही राहणार कुठे?"

हा प्रश्न त्याने विचारायला नको होता. डोरीनबाईंचं घर मार्श एंडला, आणि त्यांना गाडी चालवता येत नव्हती. सत्तरीच्या होत्या. चौदा मैल चालत येणं त्यांच्या वयाला जमणारं नव्हतं. होडी बंद म्हणजे ते घर बंद. हे खोलीतल्या तिघांना आणि बावीस खुंट्यांना माहीत होतं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मला खरंच फळ वाटलं."

"तुला काय वाटलं ते राहू दे. त्याने काय ऐकलं?"

"हो म्हणालो ते."

"मग झालं."

"ठीक आहे. मग मी बाहेर बसतो."

"तू नाही बसायचं. मी बसते."

ग्रॅहमने करारातलं शेवटचं पान त्यांच्यापुढे धरलं. "उपनेत्या म्हणून तुमचं नाव छापून झालंय. उपनेत्याच मतदानाला नाहीत, हे कसं दिसेल?"

डोरीनबाईंनी पान घेतलं, चष्मा सारखा करून वाचलं. "छान छापलंय," म्हणाल्या आणि परत दिलं. मग माझ्याकडे वळल्या. "तू बाहेर बसलास तर लोक म्हणतील, नवीन आहे, त्याला कळलं नसेल. मी बसले तर म्हणतील, हिला कळतंय आणि तरी बसली. पेअर पक्षाने दिलीय. ती कळणाऱ्या माणसाने द्यावी."

पक्षात कळणारा माणूस एकच होता, त्यामुळे वाद मिटला.

चार वाजता सभा सुरू झाली. थोरल्यांना पेअरबद्दल काहीच माहीत नव्हतं. हॅलोवेलनी ते पक्षाला कळवायचं काम नर्सवर सोपवलं होतं आणि नर्सनेही ते फळच समजून रजिस्टरमध्ये 'पेशंटला पेअर आवडते' असं लिहून ठेवलं होतं. त्यामुळे थोरले हरायच्या तयारीने आले होते. त्यांच्या नेत्याच्या हातात भाषणाचा कागद होता. चेहरे असे, की कुणीतरी जवळचं गेलंय.

क्लार्क एकेकाचं नाव पुकारू लागला. माझं नाव त्याने 'कॅटावेका' असं घेतलं. खटावकरचा यापेक्षा वाईट उच्चार मी ऐकला होता. मी ग्रॅहमला मत दिलं.

"कौन्सिलर पेल्हम."

क्लार्कने मान वर करून पुन्हा पुकारलं.

"कौन्सिलर पेल्हम."

सभागृहाच्या दाराला काच होती. काचेतून बाहेरचा बाक दिसायचा आणि बाकावर डोरीनबाई बसलेल्या दिसत होत्या, मांडीवर पर्स घेऊन, पाठ ताठ. एकेक करून तीस माना दाराकडे वळल्या.

महापौर मिसेस ऑडली उंच खुर्चीवरून मला म्हणाल्या, "आपल्या सहकारी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत."

"मग त्या आत का येत नाहीत?"

"त्यांची पेअर आहे."

"कोणाशी?"

"कौन्सिलर हॅलोवेल. ते ऑपरेशन टेबलावर आहेत."

मिसेस ऑडलींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. थोरल्यांच्या बाकांवर मगाशी कुणीतरी खुसखुसलं होतं, ते थांबलं. क्लार्कने आकडे सांगितले. पंधरा-पंधरा. महापौरांनी पुन्हा एकदा दाराच्या काचेकडे पाहिलं आणि जादा मत आपल्या पक्षाला दिलं. त्यांनी तेच करायला हवं होतं. आम्हीही केलं असतं.

थोरल्यांचा नेता उभा राहिला. तो जिंकला होता, पण त्याच्याकडे हरल्याचं भाषण होतं आणि ऐन वेळी दुसरं सुचणाऱ्यांतला तो माणूस नव्हता. त्याने तेच वाचलं. विजयी आघाडीचं मनापासून अभिनंदन केलं. आम्ही जबाबदार विरोधक म्हणून काम करू, असं आश्वासन दिलं. मार्श एंडच्या नागरिकांना होडी लखलाभ असो, म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्रॅहमने उभं राहून आभार मानले. त्याच्याकडेही जिंकल्याचंच भाषण होतं.

मी बाहेर आलो. डोरीनबाई पिशवीतली एक पेअर खात होत्या.

"किती?"

"पंधरा-पंधरा. मग महापौर."

"तू बोललास काही?"

"नाही. त्यांनी होडी आपल्याला लखलाभ केली आणि काढून घेतली. त्यावर काय बोलणार?"

त्या हसल्या नाहीत. पेअर संपवून देठ रुमालात गुंडाळला. मग म्हणाल्या, "पाच वाजून जातील. उरलेली घेऊन जा त्याला. तू दोन कबूल केल्या होत्यास, त्याने एक मागितली. एक बरोबर होते."

हॅलोवेल जागे होते, पण भूल पुरती उतरली नव्हती. मी टेबलावर पेअर ठेवली. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हातारा हळूहळू कुठे पोचतोय ते मला त्याच्या भुवयांवरून दिसत होतं.

"हे का आणलंस?"

"तुम्ही मागितलं होतं."

"अरे देवा," ते हळूच म्हणाले. "तुला माहीतच नव्हतं."

"दुपारी कळलं."

"मग आत कोण गेलं नाही?"

"मिसेस पेल्हम."

ते छताकडे बघत राहिले. "तिने निवडणुकीच्या पत्रकात मला खोटारडा म्हटलं होतं. ठळक अक्षरात."

"मीच वाटली ती पत्रकं."

"त्या मुद्द्यावर तिचं खरं होतं." थोडं थांबून म्हणाले, "होडी बंद व्हायला हवी, हे माझं मत आजही तेच आहे. तिला सांग. नाहीतर तिला वाटेल, भुलीचा असर आहे."

मी सांगितलं. डोरीनबाई म्हणाल्या, "बरं वाटलं. मला धास्ती होती."

होडी ऑक्टोबरात बंद झाली. त्या मतदानाला हॅलोवेल काठी टेकत आले आणि बंदच्या बाजूने मत दिलं. सभागृहाचं दार जड होतं, ते त्यांच्यासाठी डोरीनबाईंनी धरून ठेवलं. पेअरची गोष्ट मात्र हॅलोवेलनी स्वतःच गावभर केली, भेटेल त्याला, फळासकट. डोरीनबाई नदीच्या अलीकडे बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. चार वर्षांनी निवडणूक झाली, तेव्हा त्या एकोणीस मतांनी पडल्या. लोकांचं म्हणणं होतं, हातात आलेली होडी हिने घालवली. मी मात्र निवडून आलो. लोकांच्या मते माझा काही दोष नव्हता, मी नवीन होतो.

पुन्हा कुणालाच बहुमत नव्हतं. थोरले सोळा, धाकटे पंधरा, आणि मी. ग्रॅहमने चौदा पानांचा करार पाठवला, प्रत्येक पानावर माझी सही हवी होती आणि फळ, भाजी, धान्य अशा कुठल्याही गैरसमजाला तो जबाबदार राहणार नाही, असं एक खास कलम होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. मिसेस ऑडली आता थोरल्यांच्या नेत्या झाल्या होत्या.

"होडी परत सुरू करतो," त्या म्हणाल्या. "आणखी काय हवं?"

"दुसरं काही नको."

"जूनपासून चालेल?"

"चालेल."

"मग ठरलं. आमच्याकडून लेखी हवं असेल तर आजच पाठवते."

"माझ्याकडून कधी पाठवू?"

"तुमच्याकडून नको."

मी विचारलं, का नको.

मी काहीतरी विचित्र विचारलं असावं, असा त्यांचा सूर लागला.

"डोरीनच्या पक्षाकडून लेखी कोण मागतं?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला अक्षरांचा तक्ता वाचायला लावून मी फोनशेजारी उभा राहिलो. निकालापासूनचे पंधरा दिवस मी भेटेल त्याला सांगत होतो की पक्ष आता माझा आहे.